पलीकडच्या वाळूवरचा पाट

अप्पाकाका,

कालपासून खरं धुकं पडायला लागलं. सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या पुराणिकांची गच्ची गायब. आई मागून म्हणाली, "बघ रे नरू, तुझा खेळ आला खिडकीत," आणि मग तिलाच काहीतरी आठवलं, ती चहा टाकायला आत गेली. तुम्ही असतात तर मफलरीतून नाक बाहेर काढून म्हणाला असतात, "हे ठीक आहे. हे थंडीतलं धुकं. तुझ्या खेळातल्या काशीत भर ज्येष्ठातही असतं, त्याचं बोल." आणि मी चिडलो असतो. दोन महिने होत आले, मला कोणी चिडवलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर घरी जे जे आले ते तुमच्या विद्वत्तेबद्दल बोलले. मीमांसेचे एवढे मोठे पंडित, पाठशाळेत एवढी वर्षं काढली, किती शिष्य तयार केले. मी मान हलवत बसलो. त्यातलं मला काही कळत नाही हे तुम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. मी तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा. दूधविनायकाच्या गल्लीत वाढून संस्कृत न शिकलेला, लहुराबीरला कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवणारा. मला बोलायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्ध्यावर राहिलंय, आणि चूक तुमची आहे. वाद चालू असताना उठून जायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

भांडण कशावरून, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापणार आहेत, आणि मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी बँकेत काहीतरी टाईप करतो. म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी आणि मदनपुऱ्याचा असलम, आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ बनवला. त्याचं नाव 'उडता पाट'. त्यात एक मुलगा आहे आणि आपण जेवायला बसतो तसला लाकडी पाट आहे. मुलगा पाटावर उभा राहिला की पाट जमिनीपासून वीतभर उचलला जातो आणि चालू लागतो. गल्लीतून, पायऱ्यांवरून, जोर केला तर छपरांवरूनही. बालाजी घाटापासून राजा घाटापर्यंतची सगळी काशी त्यात आहे. इकडूनच जा, तिकडूनच जा अशी सक्ती नाही, खेळणाऱ्याने वाटेल तिथे हिंडावं. घरातला पोपट उडून गेलाय, छपराछपरावर बसून हाका मारतोय, त्याला शोधायचं, एवढीच गोष्ट. आम्हाला कोणी पैसे दिले नव्हते की कोणी सांगितलं नव्हतं. असलमच्या घरी पिढ्यान् पिढ्या साड्यांचे नक्शे काढतात, चौकोनी घरांच्या कागदावर एकेक घर रंगवून. त्याने तशीच एकेक घर भरून काशी काढली आणि मी तिला चालवली. लाइट असेल तेव्हा काम करायचं, गेली की चहा प्यायचा. त्यात आमची काही वर्षं गेली.

तुम्हाला तो पहिल्यांदा दाखवला ती दुपार मला अजून दिसते. जेवण झालं होतं, तुमची वामकुक्षी झाली होती. तुम्ही खुर्चीत बसलात, चष्मा पुसलात आणि पडद्याकडे बघून पहिलं वाक्य बोललात, "पाटावर उभा? तोही चपला घालून?"

मी म्हटलं, "काका, तो उडतोय. ते बघा ना."

"उडू दे. उडताना चपला कशाला लागतात? पाटावर आपण जेवतो लेका. देव बसवतो."

त्या वेळी मला इतका राग आला होता की मी कॉम्प्युटर बंदच करणार होतो. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. "थांब. उभं राहण्याला मात्र आधार आहे. नवरदेव उभा राहतोच की पाटावर, अंतरपाटाच्या अलीकडे. मतलब उभा राहू दे. चपला काढून टाक." असलमने पुढचे आठ दिवस त्या मुलाचे अनवाणी पाय रंगवण्यात घालवले. पायाची बोटं काढताना तो मला म्हणत होता, "नरहरभाई, चाचाजी हमारे असली मालिक हैं." तुमच्यावर तो कधी वैतागला नाही. वैतागायचो मी एकटाच.

बालाजी घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर संध्याकाळी तुमची चौघापाचांची बैठक असायची. लहानपणी मी तुमच्या शेजारी बसून शेंगदाणे खायचो आणि ऐकायचो. एकाने मत मांडायचं. दुसऱ्याने त्यावर पूर्वपक्ष घ्यायचा, म्हणजे उलट बाजूने शंका काढायच्या. पहिल्याने उत्तरं द्यायची. उत्तर ऐकून शंका काढणारा गप्प बसला की त्याने मान्य केलं असं धरायचं, आणि मग सगळे उठून दर्शनाला. मला ते भांडणच वाटायचं. हात उडवून, आवाज चढवून बोलणारे तुम्ही लोक पाच मिनिटांनी एकाच पानवाल्यापाशी कसे उभे राहता, हे मला कळायचं नाही. त्या बैठकीत तुम्हाला गप्प बसलेलं मी क्वचितच पाहिलं. माझ्या खेळाच्या बाबतीत तर तुम्ही एकदाही गप्प बसला नाहीत.

दुपारी झोप झाली की तुमची खुर्ची कॉम्प्युटरपुढे यायची. दोन बोटांनी बाण दाबत, ओठ घट्ट मिटून तुम्ही हिंडायचात. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून घाटाच्या वरच्या पायऱ्यांपलीकडे तुमचं जाणं होत नव्हतं. खाली पाण्यापर्यंत तर नाहीच. खेळात मात्र तुम्ही पायऱ्या उतरायचात, चढायचात, पुन्हा उतरायचात. पोपट शोधायला तुम्ही साफ नकार दिलात. "शोधून काय करू? पिंजऱ्यात घालू? तो मजेत आहे." मी म्हटलं, अहो खेळ संपणार कसा? तुम्ही म्हणालात, "संपवायचा कशाला?" मग शंका सुरू व्हायच्या. गल्ल्यांमध्ये माणसं आहेत, पण एकही माणूस 'कुठे चाललास' असं विचारत नाही, ही कसली काशी? सांड कुठे आहे? धुकं सदासर्वदा का? मी सांगायचो की मशीनला एका वेळी थोडीच घरं काढता येतात, लांबची घरं लपवायला धुकं घातलंय. "हे तुझ्या मशीनचं कारण झालं. काशीचं कारण सांग." मी निरुत्तर झालो की तुम्ही खूश दिसायचात, आणि त्याचा मला फार त्रास व्हायचा.

खरं सांगतो काका. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. चांगलं झालंय रे, एवढंच. आई समजावायची, "अरे, पोराची स्तुती त्याच्या तोंडावर करायची नाही, हे भाऊजींचं जुनंच आहे. तुझे वडील पहिले आले तेव्हा भाऊजी म्हणाले होते, पेपर सोपा असेल." मी तिशीचा झालो होतो, पोर राहिलो नव्हतो. मला ते वाक्य हवं होतं आणि ते तुमच्यापाशी आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं.

मग दिल्लीच्या त्या कॉम्प्युटरच्या मासिकात आमच्या खेळाचं परीक्षण आलं. आम्ही डिस्क पाठवली होती, छापतील असं वाटलं नव्हतं. असलम सायकल मारत मासिक घेऊन आला, तेव्हा त्याच्या तोंडावरूनच मला कळलं. पाचातले अडीच तारे. उडण्याची गंमत झकास आहे, असं पहिल्या परिच्छेदात होतं, आणि तिथून पुढे उतरण. शहर मोठं आहे पण करायला काही नाही. जिकडे तिकडे धुकं. गोष्ट म्हणजे काय, तर एक पोपट पकडायचा. मुलाच्या पायांत चपला रंगवायचासुद्धा कंटाळा केलेला दिसतो. आणि नदीच्या मधोमध पोचलं की पाट काचेवर आपटल्यासारखा थांबतो, पलीकडचा किनारा बनवायचंच राहून गेलेलं आहे. हौस मोठी आणि हात लहान, असा एकंदर सूर होता.

एका हिंदी दैनिकानेही आमचा फोटो छापला होता. त्यात मी आणि असलम पाट हातात धरून उभे आहोत आणि खाली लिहिलंय की काशीच्या युवकांनी उडणारं यंत्र बनवलं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ ते यंत्र विकत घ्यायला आले. क्लासमधल्या पोरांना खेळ आवडला, पण तेही पोपटाच्या भानगडीत पडले नाहीत. छपरांवरून शर्यती लावत बसले. एवढंच आमच्या वाट्याला आलं. पण मनाला लागलं ते दिल्लीचं.

तुम्ही म्हणालात, वाच. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेलो. त्याने पाटाला हॉवरबोर्ड म्हटलं होतं. "म्हणजे काय?" मी सांगितलं, जमिनीला न टेकता चालणारी फळी. "मतलब पाटच. पुढे वाच." सगळं वाचून झालं. तुम्ही म्हणालात, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचताना अर्ध्यावरच मी मासिक पलंगावर फेकलं. "यात नवीन काय आहे? हे सगळं तुम्ही आधीच सांगितलंय. धुक्याची शंका तुम्ही काढलीत, पोपटाची तुम्ही काढलीत. तुम्ही आणि तो एकाच बाजूचे."

तुमचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तुम्ही खुर्चीवरून उठायला गेलात, गुडघ्याने उठू दिलं नाही, आणि बसूनच ओरडलात. "एकाच बाजूचे? त्याने दोष सांगितला. मी शंका काढली. दोन्ही तुला एकच वाटतात?"

"फरक काय पडतो?"

"दोष सांगणारा सांगून घरी जातो. शंका काढणारा उत्तराची वाट बघत बसून राहतो. हा बसलाय का? गेला ना पुढच्या पानावर? त्याला विचार, राजा घाटाच्या बुरुजावर चढून बघितलंस का. त्याला विचार, पाऊस पडल्यावर बालाजीच्या पायऱ्या कशा चमकतात ते दिसलं का तुला. फालतू माणूस." आणि मग एकदम शांत होऊन, "चपलांचं मात्र त्याला सांगायला पाहिजे होतं. बिचाऱ्याला काय माहीत." त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं की काका म्हातारे झालेत, कोणावरही रागावतात. तुम्ही वाट बघत बसलेले आहात, असं तुम्ही स्वतःबद्दल सांगत होतात, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्यानंतर तुम्ही बाकी सगळ्या शंका सोडून दिल्यात आणि एकच धरलीत. पलीकडचा किनारा.

माझं उत्तर तयार होतं. पलीकडे आहे काय? नुसती वाळू. तुम्ही म्हणालात, "मग उलट सोपं. वाळूला किती मेमरी लागते?" मेमरी हा शब्द तुम्ही असलमकडून उचलला होता आणि कुठेही वापरायचात. मी म्हटलं, वाळूला लागत नाही, पण तिथे जाऊन माणूस करणार काय? जुनी माणसं तर म्हणतात पलीकडे मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो. तुम्ही हसलात. "मरायला नाही रे, बघायला जायचं. काशी बघायची तर पलीकडूनच. आत राहून कोणाला दिसली आहे? मी जन्मभर इथे राहिलो, मला गल्लीतून आभाळाची पट्टी दिसते आणि गाईचं शेपूट दिसतं."

तीच तर अडचण होती. वाळूवर उभं राहिलं की सगळी काशी एकदम दिसते, आणि सगळी काशी एकदम काढणं त्या मशीनच्या बापाला जमणार नव्हतं. एवढी घरं, एवढ्या पायऱ्या, एवढी शिखरं. मी तुम्हाला कागदावर मांडून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "थोडं कमी दाखव, पण सगळं दाखव."

"म्हणजे कसं?"

"उत्तर आहे माझ्यापाशी. पण पूर्वपक्ष घेणाऱ्याने उत्तर सांगायचं नसतं. चपलांच्या वेळी एकदा सांगितलं, तेच चुकलं. तू शोध."

मी म्हटलं, तुमच्यापाशी काही उत्तर नाहीये, तुम्हाला नुसता वाद पाहिजे. तुम्ही म्हणालात, "ते तर आहेच," आणि आईला चहा मागितलात. कोजागरीचं मसाल्याचं दूध तुम्ही सगळ्यांआधी संपवलंत, उरलेलंही मागून घेतलंत. त्यानंतर आठवड्याभराने, दुपारच्या झोपेतून तुम्ही उठलाच नाहीत. खुर्ची कॉम्प्युटरपुढे होती. आई हाक मारायला गेली आणि तिने मला ज्या आवाजात बोलावलं तो आवाज मला इथे लिहिता येत नाही.

तेराव्याचं जेवण झालं. पंगत उठली, आईने पाट उचलले. तुमचा तो शिसवी पाट, एका कोपऱ्याला टवका उडालेला, तिने पुसला आणि बाकीच्या पाटांवर न ठेवता वेगळा भिंतीशी टेकवून ठेवला. मग एका डब्यात लाडू भरून माझ्या हातात दिला. "रामलखनला देऊन ये. भाऊजींच्या बैठकीतला होता तो."

मला हे नवीन होतं. रामलखन मल्लाह, त्याची नाव बालाजी घाटाला लागते, हे सगळ्यांना माहीत. पण तुमच्या शास्त्रीमंडळींच्या बैठकीत तो? गेलो. दिवस कलला होता. त्याने डबा कपाळाला लावला, बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "भइया, ऊ पीढ़ा ओह पार कब जाई?"

मला कळेना. पीढ़ा म्हणजे पाट, पण कोणता?

"अरे उहे, जवना पर लइका उड़ेला. पंडितजी रोज बतावत रहलन."

आणि मग तो सांगायला लागला. काका, त्याला सगळं माहीत होतं. पोपट राजा घाटाच्या बुरुजावर कधी बसतो, बालाजीच्या मंदिरामागच्या बोळातून पाट कसा तिरपा करून काढायचा, पावसात पायऱ्या कशा चमकतात. मधल्या प्रवाहात पाट अडतो तेव्हा पाण्यात त्याची सावली पडते, हे मी स्वतः विसरून गेलो होतो. रामलखनने आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलेला नाही. बाकीचे सगळे दर्शनाला गेले की तुम्ही पायरीवर बसून त्याला रोज सांगायचात, आज कुठे हिंडलो, काय बघितलं. प्रवासाहून आलेला माणूस सांगतो तसं. एके दिवशी म्हणे तुम्ही सांगितलंत की बिजली गेली आणि मी अर्ध्या गंगेत अडकून पडलो, तेव्हा त्याने विचारलं, पंडितजी, हमके काहे ना बोलवलीं?

मी हसलो. मग त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पंडितजी कहत रहलन, रामलखन, अइसन कासी केहू ना बनवलस. बाकी लइका के मत बतइहा, बिगड़ जाई." अशी काशी कोणी बनवली नाही, पण पोराला सांगू नकोस, बिघडेल. आणि मग मलाच विचारलं, "अब त बता देईं न, भइया?"

तुमच्या तेराव्यापर्यंत मी लोकांसमोर रडलो नव्हतो. त्या पायरीवर बसून रडलो. रामलखनने मला उगी म्हटलं नाही. त्याने दोर सोडला आणि म्हणाला, "आवा, बइठा."

पलीकडे पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. वाळू पायांना गार लागत होती. मी चपला नावेतच काढून ठेवल्या होत्या, कशासाठी ते माहीत नाही. वळून बघितलं. जन्म काशीत काढून मी दिवे लागताना तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. घरं होती, पण ती काळसर झाली होती, वेगळी अशी दिसत नव्हती. मग सगळीकडे वीज गेली, जशी रोज जाते. आणि त्यानंतर एकेक कंदील, एकेक पणती लागायला लागली. पंचगंगेला बांबूंवर कार्तिकातले आकाशदिवे टांगलेले होते. घर दिसत नव्हतं, दिवा दिसत होता. जिथे दिवा तिथे घर. सगळी काशी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्यातलं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. थोडं कमी, पण सगळं. मी मोठ्याने "अप्पाकाका!" म्हटलं असावं, कारण रामलखन नावेतून म्हणाला, "का भइल?"

दुसऱ्या दिवशी असलमला सांगितलं. घर काढायला मशीनला किती कष्ट पडतात ते आम्हाला माहीत होतं. एक दिवा म्हणजे एक ठिपका, त्याला काहीच पडत नाही. "हर घर का एक?" त्याने विचारलं. हर घर का एक. त्याने त्याच्या अम्मीच्या घराचा दिवा स्वतः लावला, मदनपुऱ्यातला, उंच गच्चीवरचा, जरासा पिवळा जास्त. आता नदीच्या मधोमध पाट अडत नाही. वाळूवर पोचला की संध्याकाळ होते, धुकं निघून जातं, आणि समोर दिवे लागायला लागतात. गल्लीतली माणसंही आता विचारतात, "का गुरू, केहर?" सांड मात्र राहिलाय, असलम म्हणतो शिंगं जमत नाहीत.

हे तुमचं उत्तर होतं का, मला कळणार नाही. कदाचित तुमच्यापाशी याहून चांगलं होतं. कदाचित नव्हतंच, आणि आईचा चहा यायच्या आत तुम्ही मला गुंडाळलंत. दोन्ही तुम्हाला शोभतं. असलम म्हणतो नवी डिस्क दिल्लीला पाठवू. पाठवू. या वेळी सोबत लिहीन की मुलगा अनवाणी का आहे.

पण दिल्लीच्या आधी तुम्ही. वाळूवर मी एक पाट मांडलाय, काशीकडे तोंड करून. मुलाचा नाही, वेगळा. शिसवी, एका कोपऱ्याला टवका उडालेला. खेळणाऱ्याला त्यावर उभं राहता येत नाही. आम्ही तशी सोयच ठेवलेली नाही. आणि दिव्यांमध्ये एक दिवा आपल्या घराचा लावलाय, दूधविनायकाचा. आपलं घर गल्लीत किती आत आहे ते मला माहीत आहे. पलीकडच्या वाळूवरून त्याचा दिवा दिसणं कधीही शक्य नाही. असलमने दोनदा बजावलं. मी ती चूक तशीच ठेवली आहे. समोर बसल्यावर तुम्हाला सगळ्यांत आधी तीच दिसेल.

तुमच्या बैठकीत गप्प बसणाऱ्याने मान्य केलं असं धरतात. मी धरणार नाही. पाट मांडलेला आहे, काका. काढा शंका. मी बसलोय वाट बघत.